पिंपरीच्या मातीतले औषध

पावसाळा सरत आला, चार दिवस झड लागून उघडीप पडली आणि कपाशीच्या पानांवर कोनाकोनांचे काळपट ठिपके दिसू लागले, की परभणीच्या मोंढ्यालगतच्या कृषी सेवा केंद्रांत एकच मागणी ऐकू येते. "दोन पुड्या स्ट्रेप्टो अन् एक ब्लायटॉक्स द्या." स्ट्रेप्टो म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन, ६ ग्रॅमची पुडी. १० लिटर पाण्याला १ ग्रॅम, जोडीला २५ ग्रॅम ब्लायटॉक्स, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराईड. जिवाणूजन्य करप्यावरचे हे प्रमाण मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला तोंडपाठ असते. पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असते, आणि तयार करणाऱ्या कंपनीचे नाव असते हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड, पिंपरी, पुणे.

यातले स्ट्रेप्टोमायसिन मुळात क्षयरोग्याला टोचायचे औषध. आमच्याकडची जुनी माणसे 'टीबीच्या सुया' म्हणतात त्या याच. माणसाच्या फुप्फुसासाठी शोधलेले औषध कपाशीच्या पानावर आले ते पिंपरीमार्गे. आणि त्याच पिंपरीत, तिथल्याच मातीतून, एक अगदी नवे औषध शोधून काढले गेले होते. पेनिसिलिनचा कारखाना म्हणून पिंपरी सगळ्यांना ठाऊक आहे. औषध शोधणारी पिंपरी मात्र पाठ्यपुस्तकांत नाही, मराठी माणसाच्या आठवणीतही फारशी नाही.

या हकिकतीचे मूळ मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत आहे. १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, ती गोष्ट सर्वांना माहीत असते. पण लस म्हणजे रोग होण्याआधीचा उपाय. ज्याला प्लेगची गाठ आलीच आहे त्याला वाचवायचे कसे, या प्रश्नाला पुढची ४० वर्षे धड उत्तर नव्हते. गाव उठून माळावर झोपड्या घालायच्या आणि वाट पाहायची, एवढेच लोकांच्या हाती होते. १९३० च्या दशकात युरोपात सल्फा गटाची औषधे निघाली. त्यांतली कोणती प्लेगवर चालतात याचा शोध हाफकिनमध्ये सुरू झाला. संचालक होते साहिबसिंग सोखी आणि सोबत वागळे, दीक्षित, गणपती ही मंडळी. आधी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर, मग प्लेग पसरलेल्या भागांतल्या रुग्णांवर त्यांनी औषधे तपासली आणि १९४० च्या आसपास सल्फाथायझोल प्लेगवर गुण देते हे दाखवून दिले. यातले डॉ. भा. बा. दीक्षित पुढे दिल्लीच्या 'एम्स'चे पहिले संचालक झाले. औषध बाहेरून विकत आणायचे आणि द्यायचे, एवढाच आपला वाटा नाही, आपल्या रोगांवर आपणही औषध शोधू शकतो, हा विश्वास परळच्या त्या कामातून आला असे माझे मत आहे.

सोखींना मात्र तेवढ्याने समाधान नव्हते. औषधाचा कारखाना देशात हवा आणि तो सरकारचा हवा, हे ते वर्षानुवर्षे मांडत राहिले. त्या काळी पेनिसिलिन बोटीतून यायचे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनमध्ये दिसलेल्या बुरशीपासून ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी १९४० च्या सुमारास औषध काढले, आणि युद्धाच्या निकडीने अमेरिकेने ते टाक्यांच्या टाक्या भरून तयार करायला घेतले. युद्ध संपले तरी गरीब देशांच्या वाट्याला ते महागच होते. ज्या न्यूमोनियाने आणि बाळंतरोगाने घरोघरी माणसे जात होती, त्यावर औषध निघाले आहे हे कळायचे आणि ते परवडायचे मात्र नाही.

१९५१ मध्ये भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. यंत्रे युनिसेफने द्यायची, तज्ज्ञ आणि प्रशिक्षण आरोग्य संघटनेने. या कराराची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू अशी, की इथले ज्ञान कुलपात ठेवायचे नव्हते. पेनिसिलिन कसे करायचे हे शिकलेली माणसे इतरांना शिकवणार होती. औषधाची कृती ही कंपनीची मिरासदारी मानली जात असताना अशी अट घालणे हे धाडसच होते. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली आणि १९५५ मध्ये पिंपरीच्या टाक्यांतून पेनिसिलिन निघू लागले. तेव्हाची पिंपरी म्हणजे पुणे-मुंबई रस्त्यावरचे एक गाव आणि फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प. आज तिथे जे औद्योगिक शहर दिसते, त्याची सुरुवात या कारखान्यापासून झाली. तिथले लोक त्याला अजून 'एच. ए. कंपनी'च म्हणतात.

  

पेनिसिलिन करणे म्हणजे काही भुकट्या एकमेकींत मिसळणे नव्हे. बुरशी जिवंत ठेवावी लागते, तिला साखर आणि मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातून उरणारे पाणी असा खुराक द्यावा लागतो, टाकीत सतत निर्जंतुक हवा खेळती ठेवावी लागते, तापमान २५ अंशांच्या आसपास राखावे लागते. एखादा परका जंतू आत शिरला की हजारो लिटरची टाकी ओतून द्यावी लागते. रात्रपाळीला माणूस टाकीपाशी जागा असलाच पाहिजे. असे काम करणाऱ्या कारखान्यात सूक्ष्मजीव ओळखणारी, सांभाळणारी माणसे लागतात, आणि अशी माणसे एका ठिकाणी जमली की ती फक्त दुसऱ्याने शोधलेल्या बुरशीवर समाधान मानत नाहीत.

अशा माणसांत अग्रभागी होते एम. जे. तिरुमलाचार. मूळचे म्हैसूरकडचे. माणसांच्या रोगांशी त्यांचा आधी काही संबंध नव्हता. ते वनस्पतींच्या बुरशींचे अभ्यासक. ज्वारीवर, गव्हावर जी काणी पडते, तिच्या भारतातल्या बुरशींवर त्यांनी बी. बी. मुंडकूर यांच्यासोबत १९५२ मध्ये एक ग्रंथ लिहिला होता. कणसातल्या दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली पाहून मराठवाड्यातला शेतकरी कपाळाला हात लावतो, तीच भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरून या माणसाने बुरशींची कुळे लावली होती. असा माणूस पिंपरीच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला, यातच पुढच्या गोष्टींचे बीज आहे.

औषध शोधायचे कुठे, याचे उत्तर त्या पिढीने मातीत शोधले. जगभर तेच चालले होते. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघी शास्त्रज्ञांनी व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतातल्या मातीतून निस्टॅटिन हे बुरशीवरचे औषध काढले. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतून एरिथ्रोमायसिन आले, व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतून ॲम्फोटेरिसिन. या सगळ्या औषधांची आई एकाच कुळातली, स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या किंवा तिच्या भाऊबंदांतल्या जिवाणूंची. पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो वास सुटतो, तो बहुतांशी या जिवाणूंचाच असतो.

पिंपरीतली रीत ऐकायला साधी होती. मातीचा नमुना आणायचा. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचे आणि काचेच्या बशीतल्या अगारवर पसरायचे. काही दिवसांनी बशीत निरनिराळ्या वसाहती उगवतात. बुळबुळीत, चमकदार दिसतात त्या साध्या जिवाणूंच्या. ज्या खडूची पूड भुरभुरल्यासारख्या कोरड्या, पांढुरक्या किंवा राखाडी, सुईने उचलायला गेले तर अगारला घट्ट धरून बसलेल्या, त्या कामाच्या. अशी एक वसाहत उचलून नव्या बशीत मधोमध एक रेघ ओढायची. ती वाढली की तिच्याकडे काटकोनात येणाऱ्या रेघांवर रोगाचे जंतू लावायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली की निकाल दिसतो. जंतूंची रेघ मधल्या रेघेपर्यंत सरळ वाढत आली असेल तर ती बशी बाजूला. अलीकडेच थांबली असेल, मध्ये स्वच्छ मोकळी पट्टी राहिली असेल, तर मधल्या रेघेतून काहीतरी पाझरते आहे आणि ते जंतूंना वाढू देत नाही. शेकडो बश्या अशा धरायच्या आणि बहुतेक बाजूला ठेवायच्या. कितीएक वेळा जे सापडते ते आधीच कुणीतरी शोधलेले निघते.

पिंपरीच्या मातीतून निघालेल्या एका जिवाणूने बुरशींच्या रेघा अशाच दूर रोखल्या. तिरुमलाचार यांनी त्याला नाव दिले स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. त्याच्यापासून मिळालेल्या पिवळ्या भुकटीला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन म्हटले आणि १९६१ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत त्याचे पेटंटही मिळाले. स्वतंत्र भारतात शोधून, तयार करून, बाजारात आणलेल्या पहिल्या प्रतिजैविकांत त्याची गणना होते.

बुरशीवरच्या औषधाची गरज नेमकी तेव्हाच का भासत होती, हेही समजून घेण्यासारखे आहे. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन जिवाणूंना मारतात, बुरशीला त्यांचे काही होत नाही. तोंडातले, आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी झाले की कँडिडा नावाच्या बुरशीला रान मोकळे मिळते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरे चट्टे येतात, बायकांना अंगावरून पांढरे जाण्याचा आणि खाजेचा त्रास सुरू होतो. एका औषधाच्या यशातून दुसऱ्या औषधाची गरज निर्माण झाली होती, आणि ते दुसरे औषध पहिल्याच्याच कारखान्यात सापडले.

हॅमायसिन काम कसे करते? बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. हॅमायसिन त्याला चिकटते आणि आवरण गळके होते, आतले क्षार बाहेर झिरपतात, पेशी मरते. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून आपली पेशी बरीचशी वाचते. बरीचशी, पूर्ण नाही. इथेच अडचण होती. तोंडाने घेतलेले हॅमायसिन रक्तात फार थोडे उतरते, ते पाण्यात विरघळत नाही. अमेरिकेत जॉन उट्झ आणि सहकाऱ्यांनी ब्लास्टोमायकोसिस या शरीरभर पसरणाऱ्या बुरशीच्या रोगावर ते देऊन पाहिले. काहींना गुण आला. तरीही शरीराच्या आतल्या बुरशीसाठी डॉक्टरांचा भरवसा ॲम्फोटेरिसिनवरच राहिला. हॅमायसिन उरले ते तोंडात लावायला आणि योनिमार्गातल्या संसर्गासाठी.

याला कुणी अपयश म्हणेल, मी म्हणणार नाही. मातीतून बशीत, बशीतून टाकीत, टाकीतून रुग्णापर्यंत हा सगळा पल्ला एका सरकारी कारखान्याने, कंपनी सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत स्वतःच्या बळावर गाठला होता. त्याच सुमारास इटलीतल्या कंपन्यांना, जपानी प्रयोगशाळांना जे जमत होते, ते पिंपरीत जमत होते. १९७० च्या दशकात इंदूरजवळच्या निमोडी गावच्या मातीतून टायकोप्लॅनिन हे आजही अतिदक्षता विभागात लागणारे औषध निघाले, पण ते काढले इटलीच्या कंपनीने. माती आपली होती, शोधणारे हात आपले नव्हते. पिंपरीत दोन्ही आपले होते, म्हणून तिचे महत्त्व.

पुढच्या काही वर्षांत पिंपरीतून आणखी दोन नावे आली, अँटिअमीबिन आणि ऑरिओफंजिन. ऑरिओफंजिन हे खास शेतीसाठी. द्राक्षावरची भुरी, लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या यांसाठी ते वापरले गेले. काणीचा अभ्यासक औषधाच्या कारखान्यात बसला की त्याची नजर शिवाराकडे वळणारच. मर्क कंपनीच्या सहकार्याने पिंपरीत स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादनही सुरू झाले होते. त्यातूनच स्ट्रेप्टोसायक्लिनची ती पुडी निघाली. परभणीत मेहबूब बागेच्या कापूस संशोधन केंद्रावर देशी कपाशीचे काम जुने. पण १९७० नंतर संकरित कपाशी आली, १९७२ मध्ये परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, नांदेडचे एनएचएच-४४ सारखे वाण गावोगाव पेरले जाऊ लागले. देशी कपाशी करप्याला दाद देत नसे, संकरित देई. पुडीला गिऱ्हाईक मिळाले. पुढे डाळिंबाच्या तेल्या रोगाने ते आणखी वाढले.

पिंपरीच्या संशोधनाला उतरती कळा लागली त्याची कारणे अनेक. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते करण्याच्या पद्धतीवरच पेटंट द्यायचे ठरवले. त्यामुळे परदेशात निघालेले औषध दुसऱ्या रीतीने स्वस्तात करणे भारतीय कंपन्यांना शक्य झाले आणि गोरगरिबांना औषधे परवडू लागली. हा कायदा योग्यच होता, त्याने लाखो जीव वाचवले. पण नवे शोधण्यापेक्षा झालेले स्वस्तात करणे हे किफायतीचे ठरले आणि शोधाची भूक मंदावली. गोरेगावला सिबा कंपनीच्या केंद्रात आमांशावरचे सॅट्रानिडॅझोल निघाले, तसे थोडे अपवाद राहिले. तिरुमलाचार पुढे अमेरिकेला गेले. १९९१ नंतर आयात खुली झाली आणि चीनच्या स्वस्त पेनिसिलिनपुढे पिंपरीच्या टाक्या टिकल्या नाहीत. हळूहळू देशातले पेनिसिलिनचे मूळ उत्पादनच थांबले. ज्या औषधासाठी १९५१ चा करार झाला, ते पुन्हा बोटीने येऊ लागले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची देणी भागवण्यासाठी तिची जादा जमीन विकण्याचा निर्णय घेतला.

दरम्यान जंतू शिकत होते. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक, कोंबड्यांच्या खाद्यात अँटिबायोटिक, फवारणीच्या पंपात अँटिबायोटिक. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला, तो याच भीतीने. क्षयाच्या ज्या रुग्णावर इतर औषधे चालत नाहीत, त्याच्यासाठी राखायचे औषध आपण पानावर शिंपडत होतो. यात कापूस उत्पादकाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याला शिफारस मिळाली, पुडी मिळाली, पर्याय कुणी दिला नाही.

आता नव्या औषधांची गरज १९५१ पेक्षा कमी नाही, आणि ती शोधण्याचे काम मराठवाड्यातच, परभणीहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर चालू आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात गेली पंचवीसेक वर्षे जंतुरोगांवरच्या नव्या औषधांचे काम होते. तिथून निघालेल्या लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिनला २०२० मध्ये भारतात परवानगी मिळाली. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर ते चालते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नॅफिथ्रोमायसिनचे दिल्लीत लोकार्पण झाले. घरीदारी होणाऱ्या न्यूमोनियासाठी रोज एकदा, फक्त ३ दिवस घ्यायचे हे औषध. त्याच्या रेणूचा पाया एरिथ्रोमायसिनचा, म्हणजे इलोइलोच्या मातीतून निघालेल्या त्या जुन्या औषधाचाच. त्यावर फेरफार करत करत, जंतूंनी शोधलेल्या पळवाटा बंद करत ते घडवले गेले. सरकारने त्या वेळी सांगितल्याप्रमाणे या कामाला १४ वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागले. त्यात केंद्राच्या 'बायरॅक' संस्थेने शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांसाठी दिले ते सुमारे ८ कोटी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते. खासगी कंपनीने इतकी वर्षे चिकाटी धरली याचे कौतुक केलेच पाहिजे. पण प्रतिजैविक हे धंद्याच्या दृष्टीने अवघड औषध आहे. ते आठ-दहा दिवस घेतले की रोगी बरा होतो, मधुमेहाच्या गोळीसारखे जन्मभर विकले जात नाही. आणि नवे औषध जितके जपून वापरावे तितके चांगले, म्हणजे खप कमीच असायला हवा. म्हणून जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी हे क्षेत्र सोडले. जे बाजाराला परवडत नाही पण समाजाला हवे असते, तिथे सरकारने उभे राहायचे असते. सोखींचे म्हणणे हेच होते, आणि १९५४ ते १९६१ या सात वर्षांत पिंपरीने ते खरे करून दाखवले होते.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स अजून बंद पडलेली नाही. तिथे औषधे तयार होतात, कामगार कामावर येतात. जादा जमीन विकून देणी फिटतीलही, पण त्यातल्या रकमेचा एक ठरलेला वाटा केंद्राने पिंपरीचा संशोधन विभाग नव्याने उभा करण्यासाठी बाजूला काढावा, आणि करप्यावर, तेल्यावर माणसाच्या औषधाशिवायचा उपाय शोधण्यासाठी परभणीच्या विद्यापीठाला त्या विभागाशी जोडून द्यावे. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरली पाहिजे.